ताईच्या पसंतीचे पडदे

चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असणाऱ्या त्या बाईला सगळे ताईच म्हणत. घरी ती धाकट्या भावाची ताई. त्याचं ऐकून आई ताई म्हणू लागली, मग शेजारपाजार, आणि पुढे दुकानाचे मालकही, जे तिच्याहून वयानं चांगलेच मोठे होते. दुकानात तिचं काम फ्रेम निवडून द्यायचं. डॉक्टरांनी नंबर लिहून दिला की माणूस आरशासमोर येऊन बसे आणि समोर मांडलेल्या फ्रेमा बघून भांबावून जाई. ताई त्याचा चेहरा नीट न्याहाळायची आणि सरळ सांगायची, "ही काढा. हिच्यात तुम्ही कायम रागावल्यासारखे दिसाल." गोड बोलून महागडी फ्रेम गळ्यात मारणं तिला कधी जमलं नाही. मालक कुरकुरायचे. पण गिऱ्हाईक येतं ते तिलाच विचारत येतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कुरकूर ओठांवरच राहायची.

दुसऱ्याला काय शोभतं ते तिला चटकन कळे. स्वतःसाठी काही निवडायची वेळ मात्र तिच्यावर फारशी आलीच नाही. वडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याचं शिक्षण झालं, तोवर आईचे गुडघे गेले, आणि गुडघ्यांपाठोपाठ आईनं अंथरूणच धरलं. ताईच्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या, फिसकटल्या, आणि हळूहळू निघायच्याही थांबल्या. भाऊ मोठ्या शहरात नोकरीला लागला, तिथंच त्यानं संसार थाटला. ताई आईजवळ राहिली. त्यात त्याग वगैरे काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. कुणीतरी राहायला हवंच होतं, आणि ती घरात होती.

घर दुसऱ्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यावर. दोन बाजूंना रस्ते, त्यामुळे खिडक्या भरपूर. बाहेरच्या खोलीला तर जवळजवळ भिंतभर खिडकी. पण त्या खिडक्यांवर काय, तर जुन्या चादरी फाडून, नाड्यांत ओवून टांगलेल्या. बाहेरच्या खोलीतली चादर इतकी विरली होती, की समोरच्या माडीवरच्या केशकर्तनालयात खुर्चीवर बसलेल्या माणसाला ताईचा चहा दुसऱ्यांदा कधी झाला तेही दिसे. आई होती तोवर पडद्यांचा विषय निघाला की भाऊ म्हणायचा, "कशाला ताई? चादरींनी भागतंय ना?" आणि भागतच होतं.

घर भावाच्या नावावर होतं. मुलगी काय, आज ना उद्या दुसऱ्या घरी जाणार, असं धरून वडिलांनी ते तसं करून ठेवलं होतं. मुलगी गेली नाही, पण नाव तेच राहिलं. शेवटच्या आजारपणात आईला याची बोचणी लागली. तिनं भावाला जवळ बसवून घेतलं. ताई औषधाची बाटली हातात घेऊन दारातच उभी होती.

"बाळ्या, हिचं काय?" आईनं विचारलं.

"आई, कागदाचं काय घेऊन बसलीस?" भाऊ म्हणाला. "घर ताईचं आहे. ती आहे तोवर तिला इथून ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही."

आईचा जीव भांड्यात पडला. ताईचाही पडला, पण तो आधी कधी वर टांगलेला होता हे तिला त्या क्षणापर्यंत माहीतही नव्हतं. त्यानंतर तिनं घराचा विचार म्हणून केलाच नाही. आपल्या हातापायांचा कोण करतो?

आई जाऊन बराच काळ लोटला. आणि एके दिवशी भाऊ काही न कळवता आला. एकटाच. घरभर फिरला, भिंतींवर हात फिरवला, ओल कुठं कुठं आहे ते बघितलं, आणि चहा पिता पिता म्हणाला, "ताई, घराची अगदी रया गेली. रंग काढून घेऊ. आणि या चादरी आता फेक. चांगले पडदे करू. चुण्यांचे, जमिनीपर्यंत लोळणारे. खर्चाचं तू बघू नकोस. तू फक्त पसंत कर."

ताईनं कप खाली ठेवला. "मी?"

"मग कोण? घर कुणाचं आहे?"

 चेहरा दिसू नये म्हणून ती उठून उगाच गाळणं धुवायला गेली.

रंगारी येऊन गेले, आणि मग दोघं बहीणभाऊ पडद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार जाडजूड, बोलघेवडा माणूस. त्यानं कापडाचे गठ्ठे धडाधड उलगडले. चुणी कशी पडते ते दाखवायला त्यानं कापडाचं वरचं टोक बोटांत धरलं, तीन बारीक घड्या एकत्र चिमटल्या आणि कापड सोडून दिलं. तिथून एक सरळ, भरीव पट्टी खालपर्यंत उतरली. "हे बघा. चुणी कंजूषपणानं घातली तर पडदा पडदा वाटत नाही, वाळत घातलेलं कापड वाटतं. खिडकीच्या दुपटीहून जास्त कापड लागणार. आधीच सांगतो, नंतर मला बोल लावू नका."

"घ्या हवं तेवढं," भाऊ म्हणाला.

ताई थबकली. बाळ्या आणि असं बोलणं? सुट्ट्या पैशांवरून भांडणारा तिचा भाऊ तो. पण माणसं वयानं सुधारतात, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि तिला बरं वाटलं.

मग ती त्या कामात अशी काही बुडाली, की दुकानदारानं तिला बसायला स्टूल दिलं. तिनं प्रत्येक कापड दारापाशी नेऊन उजेडात धरलं. कुठलं उन्हात विटेल, कुठलं धूळ धरेल, कुठलं धुतल्यावर आखडेल, सगळं खोदून खोदून विचारलं. स्वयंपाकघरात शेगडीजवळ लांब पडदा नको, तिथं अर्ध्या खिडकीपुरता, सुती. बाहेरच्या खोलीसाठी तिनं तांबूस विटकरी रंग उचलला. तो हातात घेऊन ती बराच वेळ उभी होती.

"फिकट घे ताई," भाऊ म्हणाला. "सायीसारखा. फिकट रंगानं खोली मोठी दिसते."

"मला एकटीला किती मोठी खोली हवीय?"

"अगं, सगळ्यांना आवडेल असा घ्यावा."

"सगळे म्हणजे कोण? मी आणि समोरचा न्हावी?"

दुकानदार हसला. भाऊही हसला, पण त्यानं सायीच्या रंगाचाच गठ्ठा पुढं सरकवला. ताईनं ऐकलं. एवढं करतोय, तर त्याच्याही मनासारखं होऊ दे. फक्त आईच्या खोलीसाठी, जिथं आता ती झोपायची, तिनं हट्ट धरला. त्या खोलीत सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर यायचं. तिथं तिला गर्द हिरवा हवा होता, आतून अस्तर लावलेला. भाऊ "थांब, विचारतो" म्हणून बायकोला फोन करायला दुकानाबाहेर गेला. परत आला तो म्हणाला, "बरं, तिथं घे तुला हवा तो." माझ्या खोलीच्या पडद्याला भावजयीची परवानगी कशाला, हा प्रश्न ताईला पडला. पण नवराबायकोत आपण कशाला पडा, म्हणून तिनं तो तिथंच सोडून दिला.

पडदे लागले त्या दिवशी ती चष्म्याच्या दुकानातून लवकर निघाली. कारागीर शिडी घेऊन गेला आणि ती घरात एकटी राहिली. बाहेरच्या खोलीतला पडदा तिनं एकदा ओढला, एकदा उघडला. कड्या दांडीवरून सरकताना मऊ आवाज करत होत्या. एकेक चुणी कशी शाळेतल्या रांगेतल्या मुलींसारखी सरळ उभी. मग ती आतल्या खोलीत गेली आणि हिरवा पडदा मिटून पलंगावर बसली. खोलीत गर्द झाडाखाली बसल्यासारखा अंधार झाला. आई असती तर म्हणाली असती, आता उठणार कधी तू? ती मोठ्यानं हसली. दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातल्या सगळ्यांना घरी चहाला बोलावलं. मालकसुद्धा आले. पडद्यांवरून हात फिरवून म्हणाले, "भाऊ असावा तर असा." ताईनं मान खाली घातली, पण ते वाक्य तिनं पुढचे कितीतरी दिवस जपलं.

भावानं त्याच आठवड्यात सगळ्या खोल्यांचे फोटो काढून नेले. "हिला दाखवतो," म्हणाला. आणि काही दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, तो एका जोडप्याला घेऊन आला. "माझ्या ओळखीचे आहेत, ताई. इकडं आले होते, म्हटलं चला." ताईनं चहा टाकला. भाऊ आणि तो गृहस्थ जिन्याखालची पाण्याची मोटार बघायला गेले. ओळखीच्या माणसाला पाण्याची मोटार दाखवतात का? पण पुरुषांना काय, कुठलंही यंत्र चालतं.

पाहुणी बाई घरातच राहिली. मोकळ्या स्वभावाची होती. खोल्यांतून फिरली, कपाट उघडून बघितलं, आईच्या खोलीत जाऊन हिरव्या पडद्याची चुणी बोटांत धरून बघितली. ताई चहा घेऊन तिच्या मागोमाग आली.

"किती सुरेख आहेत हो पडदे. कुणी निवडले?"

"मीच."

"हो?" बाईला नवल वाटलं. "मग हे राहणार ना इथंच? का तुम्ही काढून नेणार?"

"मी कशाला काढू?"

"नाही, म्हणजे तुम्ही जाताना."

"कुठं जाताना?"

बाईनं चहाचा कप घेतला, पण प्यायली नाही. ताईच्या तोंडाकडे बघून तिचा सूर बदलला. "तुम्ही या महिन्यात जागा सोडताय ना? आम्हाला तसंच सांगितलंय. घरात एक भाडेकरू बाई आहेत, एकट्याच, त्यांचा काही त्रास होणार नाही, म्हणून."

ताई म्हणाली, "बसा तुम्ही. चहा गार होईल."

दुसरं काही तिला सुचलंच नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. फरशी होती तिथंच होती, नव्या रंगाचा वास होता, अर्ध्या खिडकीचा सुती पडदा वाऱ्यानं हलत होता. फक्त या सगळ्यात आपण कोण, ते तिला क्षणभर आठवेना. भाडेकरू. कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या बैठकीत बसून, चहा पिता पिता, बाळ्या हा शब्द बोलला असेल. अडखळला असेल का बोलताना?

पाहुणे गेल्यावर भाऊ वर आला. ताईनं त्याला बस म्हटलं नाही.

"मी भाडेकरू कधीपासून झाले रे?"

तो चपापला. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "ताई, मी तुला सांगणारच होतो."

"कधी? सामान ट्रकात चढल्यावर?"

"तसं नाही गं. आमची तिथली जागा पुरत नाही. मुलं मोठी झाली. हे घर नुसतं पडून आहे."

"पडून नाही. त्यात मी राहते."

"म्हणजे, तसं म्हणायचं नव्हतं मला. तू आमच्याकडे ये ना. आम्ही काय तुला वाऱ्यावर सोडणार आहोत? मुलीच्या खोलीत तुझा पलंग सहज मावेल."

"आणि भाडेकरू?"

तो खिडकीकडे बघू लागला. "बहीण राहते म्हटलं की घेणारा बिचकतो. हक्काबिक्काचं काही निघेल म्हणून घाबरतो. मध्यस्थानंच सांगितलं, असं सांगा म्हणून. नुसता शब्द आहे, ताई. त्यानं नातं थोडंच बदलतं?"

"पडदेही त्यानंच सांगितले?"

भावानं खुर्ची उगाच इकडची तिकडं सरकवली. उत्तर तिला कळलं होतं, पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. 

"रंग आणि पडदे केले की घर उठून दिसतं, लवकर जातं, असं म्हणाला," तो शेवटी म्हणाला. "मी म्हटलं, करायचेच आहेत तर तुझ्या पसंतीनं करू. तेवढीच तुझी हौस होईल."

ताईला वाटलं होतं आपण रडू. पण तिला रडू आलं नाही, लाज वाटली. दुकानातलं ते स्टूल आठवलं, दारात उभं राहून उजेडात धरलेली कापडं आठवली, सगळ्यांना चहाला बोलावणं आठवलं. "केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच का रे?" ती म्हणाली. "तुला सरळ म्हणता आलं असतं, ताई, घर विकतोय, ऊठ. मी उठले असते. भांडले असते, रडले असते, पण उठले असते. बकरं कापायचं होतं ते कापायचं. त्याच्याकडूनच सुरी पाजळून घ्यायची काय गरज होती?"

"तू फार मनाला लावून घेतेस."

"आईच्या खोलीत उभं राहून बोल हे."

तो गेला नाही त्या खोलीत. बॅग उचलली आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला.

दुकानात तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? भाऊ असावा तर असा? पण चेहरे वाचणारी बाई स्वतःचा चेहरा काही लपवू शकली नाही. मालकांनी एकदोनदा विचारलं, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मालक तापले. वकील बघू, दावा लावू, म्हणाले. ताईनं नकारार्थी मान हलवली. भावाविरुद्ध उभं राहून "मी कोण" ते चार लोकांपुढे सिद्ध करायचं, ही कल्पनाच तिला सहन होईना. ते सिद्ध करावं लागणार, यातच सगळं आलं होतं.

ती पाहुणी बाई मात्र एक दिवस दुकानात आली. चष्म्याचं निमित्त नव्हतंच, सरळ ताईसमोर उभी राहिली. तिला दुकान कसं सापडलं कोण जाणे.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "त्या दिवसापासून मला चैन नाही. तुम्ही त्यांच्या कोण?"

ताईच्या हातात एक फ्रेम होती. ती पुसत होती. एका शब्दात भावाचा सौदा तिच्या हातात आला होता, हे तिला कळत होतं. तिनं तो तोलून बघितला नाही. खोटं बोलायचं कारणच तिला दिसेना.

"सख्खी बहीण," ती म्हणाली. "घर त्याच्या नावावर आहे, त्यात खोटं काही नाही. मी जागा सोडणार आहे, तेही खरं. तुम्ही घेतलंत तर माझी काही हरकत असणार नाही. पण मी भाडेकरू नव्हते. एवढं तुम्हाला माहीत असावं."

बाईनं तिचा हात धरला आणि तशीच निघून गेली. त्या जोडप्यानं घर घेतलं नाही. पहिल्याच बोलण्यात जो माणूस सख्ख्या बहिणीबद्दल खोटं बोलतो, त्याच्याशी व्यवहार नको, असं त्या गृहस्थानं तोंडावर सांगितलं म्हणे. भावाचा फोन आला. चांगला सौदा तू मोडलास, म्हणाला. ताईनं ऐकून घेतलं. मग भावजयीनं फोन हातात घेतला. "वन्सं, तुम्हाला आमचं चांगलं बघवत नाही का?" त्यावर ताईकडे उत्तर होतं, पण या भावजयीच्या बाळंतपणात ती तीन महिने राबली होती, त्यामुळे ते उत्तर तिनं गिळलं.

घर पुढे दुसऱ्या कुणीतरी घेतलं. तोवर ताईनं बेकरीच्या वर एक खोली बघितली होती. भावाकडे ती गेली नाही. सामान हलवायला दुकानातली माणसं आली. मालक म्हणाले, "पडदे काढून घ्या. तुमच्या पसंतीचे आहेत." हिरव्या पडद्यापाशी ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "नकोत. माझ्यासाठी शिवलेच नव्हते ते." आणि दिवे मालवून किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली.

नव्या खोलीत पहाटे पावाचा वास यायचा आणि खालची यंत्रं घरघरायची. हळूहळू त्याची सवय झाली. भाऊ दर रविवारी फोन करायचा, काहीच घडलं नाही अशा आवाजात. ती बरी आहे म्हणायची. त्याला बरं वाटायचं. असं बरेच दिवस चाललं.

मग एकदा भाची आली. कॉलेजात गेलेली, ताडमाड वाढलेली. आत्याच्या पलंगावर मांडी घालून बसली आणि गरम पाव खाता खाता म्हणाली, "आत्या, तू ते एवढं छान घर सोडून इथं का गं आलीस? बाबा म्हणतात, तुलाच तिथं एकटीला नको वाटायला लागलं. तू मागं लागलीस, म्हणून त्यांनी विकलं."

ताई तिच्याकडे बघत राहिली. पोरीच्या डोळ्यांत काही कपट नव्हतं. जे सांगितलं ते तिनं खरं मानलं होतं. घर गेलं ते गेलं. पण आता त्या घरातून आपण कशा निघालो, तीही गोष्ट आपली उरली नाही, हे ताईला तिथं बसल्या बसल्या कळलं. भाऊ तिला दुसऱ्यांदा विकून मोकळा झाला होता, आणि या वेळी गिऱ्हाईक त्याची स्वतःची मुलगी होती.

गप्प बसणं सोपं होतं. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. पण तिनं ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं, आईच्या खोलीत दिलेल्या शब्दापासून. आवाज चढवला नाही, भावाला एकही शिवी दिली नाही. भाची पाव हातात धरून ऐकत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "बाबांनी तुला भाडेकरू म्हटलं?"

"हो."

"आणि तू मला हे आत्ता सांगतेस?"

"तू आत्ता विचारलंस."

भाची संध्याकाळी गेली. तिकडं घरी काय झालं ते ताईला कळलं नाही, पण त्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. दुकानातली एक मैत्रीण म्हणाली, बरं झालं, ब्याद टळली. ताई म्हणाली, "नाही गं. मला वाईट वाटतं. खोटं बोलायचा, पण घरचा म्हणून माझ्याशी बोलायचा तेवढा एकच माणूस होता तो." मग समोर आरशापुढे एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले, नवा नंबर हातात घेऊन, आणि ती उठून त्यांच्याकडे गेली.